नसलेली ओळ

मेहकरच्या बसस्थानकामागे एका कृषी केंद्राच्या माडीवर मधुवंती आणि तिचा धाकटा भाऊ आल्हाद यांचं वर्कशॉप आहे. गाड्या तोलणाऱ्या मोठ्या वजनकाट्याच्या खोलीत आकडे दाखवणारी जी पेटी असते, ती हे दोघं तयार करतात. आल्हाद सर्किट जोडतो, कल्पना लढवतो आणि चहा पितो. मधुवंती कोड लिहिते आणि आल्हादच्या कल्पनांना वेसण घालते. पुण्याची चांगली नोकरी सोडून ती परत आली तेव्हा अर्ध्या गावाने नाकं मुरडली होती. आता जिल्ह्यातल्या बऱ्याच काट्यांवर तिची पेटी बसली आहे आणि ती नाकंही आपापल्या जागी परत गेली आहेत.

मधुवंतीचा एक हट्ट होता. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या पेटीत एकही फालतू ओळ जाता कामा नये. चाचणी करताना प्रोग्रामरला बरंच काही लागतं: मधले आकडे, इशारे, स्वतःपुरत्या लिहिलेल्या खुणा. ते सगळं कोडमध्येच असतं, पण एका अटीच्या आत. अट चालू ठेवून बांधणी केली की तयार होतं ते डीबग बिल्ड; ते वर्कशॉपमध्ये राहतं. अट बंद करून बांधलं की रिलीज बिल्ड. ते बाहेर जातं. आणि अट बंद असली की बांधणी करणारा प्रोग्राम, कंपायलर, त्या ओळी लपवत नाही, झाकत नाही, तर पेटीत घालतच नाही. डब्यात हिंग असेल, पण भाजीत घातलाच नाही तर भाजीला हिंगाचा वास कुठून येणार, असं ती आल्हादला सांगायची.

अशाच एका अटीच्या आत आल्हादची 'माणूसमोजणी' होती. भरलेल्या गाडीसोबत दोन माणसं काट्याच्या लोखंडी प्लेटवर उभी करायची आणि रिकाम्या गाडीच्या वेळी उतरवायची, ही युक्ती काट्याइतकीच जुनी. आल्हादचं म्हणणं, जिवंत माणूस कधी निश्चल उभा राहतच नाही. तो श्वास घेतो, नाडी चालते, भार या पायावरून त्या पायावर जातो. प्लेटच्या चार कोपऱ्यांखाली बसवलेल्या सेन्सरना ती बारीक थरथर कळते. त्या थरथरीवरून प्लेटवर किती माणसं आहेत ते सांगणारा कोड त्याने लिहिला होता, आणि तो चक्क चालायचा. पण कायद्याच्या काट्यात असली हुशारी चालत नाही, म्हणून मधुवंतीने तो डीबगच्या अटीत कोंडून टाकला होता.

डिसेंबरात, कापसाची आवक भरात असताना, मलकापूरच्या एका जिनिंगमधून, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातून, शालिग्रामचा फोन आला. शालिग्राम तिथला काटेवाला.

"मॅडम, तुमची मशीन माणसं मोजून राह्यली."

"म्हणजे?"

"वजनाच्या खाली एक लाइन येते. माणसं, एक. वजन बराबर हाय. पन ते एक काऊन येते, ते काही समजून नाई राह्यलं."

मधुवंतीने फोन ठेवला आणि भावाकडे पाहिलं. "तू त्यांना डीबग बिल्ड पाठवलंस."

"विद्येची शपथ, नाही," आल्हाद म्हणाला. ही शपथ तो लहानपणापासून खोटी घेत नसे, म्हणून तर ती जास्त चिडली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या बसने निघाली. बुलढाण्याचा घाट उतरला, मोताळा मागे पडलं, तशा रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके दिसायला लागले. भरून जाणाऱ्या गाड्यांनी काट्यांना जाता जाता दिलेला कर. जिनिंगच्या फाटकातून आत शिरलं की डावीकडे वजनकाटा आणि त्याला लागून काटेवाल्याची खोली. समोर अंगणभर कापसाच्या गंज्या. शेडमधून यंत्रांचा अखंड घरघराट यायचा आणि हवेत इतकी बारीक रुई तरंगत होती की बोलताना ती ओठांना चिकटत होती. ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर गेलेली.

मॅनेजर शेषराव मफलर गुंडाळून उभेच होते. माणूस गोड बोलणारा, पण गोड बोलताना नजर रांगेवर.

"या ताई. चहा घ्या, अन् तेवढी ती लाइन काढून टाका. पब्लिक इचारते, भूत बसवलं का काट्यावर."

काट्याच्या खोलीत शालिग्रामने पेटीकडे बोट दाखवलं. बाहेर प्लेट रिकामी होती; धुऊन ठेवलेल्या ओट्यासारखी स्वच्छ. पेटीवर वजन शून्य, आणि त्याखाली: माणसं १.

मधुवंतीने लॅपटॉप जोडला. पेटीत रिलीज बिल्डच होतं. म्हणजे आल्हादची शपथ खरी होती. तिने पेटीतली सगळी फाइल उतरवून घेतली आणि तिच्यात 'माणसं' हा शब्द शोधला. तो नव्हता. माणूसमोजणीचा एक कण त्यात नव्हता. जो शब्द पेटीत नाही, तो पडद्यावर येत होता.

तिने डीबग बिल्ड घातलं. आता तो कोड खरोखर आत होता. पडद्यावर आलं: माणसं ०. ती प्लेटवर जाऊन उभी राहिली. "एक," शालिग्रामने खिडकीतून वाचलं. उतरली. "झिरो." अगदी चोख.

मग तिने परत रिलीज घातलं. माणसं १. ती प्लेटवर गेली.

"किती?"

"दोन," शालिग्राम म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "मॅडम, उतरा तुमी तिथून."

दिवसभर तिने करण्यासारखं सगळं केलं. जुन्या बांधणीचे उरलेसुरले तुकडे पुसले, नव्या फोल्डरमध्ये पहिल्यापासून बांधलं. पिशवीतला कोरा बोर्ड काढून पेटीत बसवला. सेन्सरच्या वायरी तपासल्या, प्लेटखालच्या खड्ड्यात टॉर्च घेऊन उतरली, रुईचा गाळ काढवला. शेवटी आल्हादचा कोड, अटीसकट, मुळातूनच कापून टाकला आणि जे उरलं ते बांधलं. आता ती ओळ जगात कुठल्याच बांधणीत येऊ शकत नव्हती.

माणसं १.

"आमच्याकडं काळी चिकटपट्टी हाय," शेषराव मायेने म्हणाले. "त्या लाइनीवर लावून टाकू. वजन तं दिसतेच नं."

"नाही," मधुवंती म्हणाली. "जी ओळ मी लिहिली नाही, ती मी झाकणार नाही. आधी ती काय म्हणते ते मला कळू दे."

तिला भीती वाटत होती, हे तिने स्वतःशी कबूल केलं. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. तिच्या पेटीत तिला न विचारता कुणीतरी बोलत होतं. तिने आल्हादला फोन करून सगळं सांगितलं. त्याला एकही कल्पना सुचली नाही, आणि त्याच्या बाबतीत असं क्वचितच घडायचं.

"मधू," तो म्हणाला, "परत ये."

ती स्टेशनजवळच्या लॉजवर राहिली आणि सकाळी रिक्षा करून पुन्हा जिनिंगला गेली. आल्हादचा कापलेला कोड तिने जागच्या जागी परत घालून ठेवला होता. डीबगला तो लागणारच होता. पेटीत मात्र रिलीज.

धुकं होतं. पहिल्या काही गाड्या नेहमीसारख्या गेल्या. भरलेली गाडी, ड्रायव्हर खाली उतरलेला, माणसं १. रिकामी गाडी, माणसं १. शालिग्राम त्या एकाकडे आता पाहतही नव्हता. मग मोताळ्याकडच्या एका खेड्यातून आलेला आयशर ट्रक प्लेटवर चढला. कापूस दाबून दाबून भरलेला, वर जाळी बांधलेली. ड्रायव्हर खाली उतरून खिडकीशी चहाचा कप घेऊन उभा राहिला.

माणसं २.

"वर कोण आहे?" मधुवंतीने विचारलं.

"कोनी नाई," ड्रायव्हर म्हणाला.

"क्लीनर?"

"घरी हाय. त्याले ताप हाय."

शालिग्रामने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. शेषराव आत आले, पडद्याकडे बघून हसले. "काल एक खोटं होतं, आज दोन खोटं झालं. घ्या गाडी पुढं. गंजीवर खाली करा, मागून ट्रॉली येऊन राह्यली."

गंजीवर कापूस खाली व्हायचा, आणि त्यावर लगेच पुढच्या गाडीचा कापूस पडायचा. मधुवंतीने ते कालपासून पाहिलं होतं. ती खोलीतून बाहेर पडली आणि सरळ प्लेटवर, आयशरच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"हा कापूस इथेच उतरवायचा. हाताने."

"ताई, रांग पाहा किती हाय."

"पाहिली."

"तुमच्या मशीनच्या भानगडीपायी मी गाडी इथं रिकामी करू?"

"हो. कुणी नसलं तर मी तुम्हाला पट्टी लावून देते आणि मेहकरला जाते. पण आधी उतरवा."

शेषरावांनी खिडकीकडे पाहिलं. काय दिसतंय, असं त्यांना विचारायचं होतं की नव्हतं कोण जाणे, पण शालिग्राम आतून बोलला, "तीन."

शेषरावांच्या चेहऱ्यावरचं गोडपण गेलं. त्यांनी हमालांना हाक मारली.

जाळी सुटली. कापूस प्लेटवर, रस्त्यावर, गटारात पडायला लागला. रांगेतले लोक शिव्या घालत जवळ आले आणि पाहत उभे राहिले. अर्धी गाडी झाली तरी काही नाही. मग एका हमालाच्या हाताला चप्पल लागली. चपलेत पाय होता.

तो रवी होता, त्याच जिनिंगचा हमाल. रात्री खेड्यात गाडी भरायला गेला होता. थंडीमुळे कापसात खळगा करून बसला असावा, आणि वरचा कापूस त्याच्यावर दबत गेला. इतर हमालांना वाटलं, तो दुसऱ्या गाडीने पुढे गेला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. नाकातोंडात रुई कोंबल्यासारखी. छाती हलते की नाही ते कळेना.

गर्दीतून एक बाई धक्के देत पुढे आली. वच्छलाबाई, रवीची आई. शेडमध्ये कापसातला कचरा वेचायचं काम करायची. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, बोटं तोंडात घालून रुईचे बोळे काढले, पाठीत गुद्दे घातले. कितीतरी वेळ. लोक "राहू दे बाई" म्हणायला लागले तरी ती थांबली नाही. शेवटी रवीच्या घशातून घरघर आली आणि त्याने श्वास घेतला.

त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मधुवंती काट्याच्या खोलीत येऊन बसली आणि शेषरावांनी स्वतः तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. लोक खिडकीतून तिच्याकडे, पेटीकडे पाहत होते. तिला आनंद झाला होता, अगदी रडू येईल इतका. तिचं यंत्र खोटं बोललं नव्हतं.

रिकाम्या आयशरचं वजन घ्यायचं राहिलं होतं. तो पुन्हा प्लेटवर आला, ड्रायव्हर उतरून दूर गेला. शालिग्रामने वजन टिपलं. मधुवंतीने सहज खालची ओळ पाहिली.

माणसं २.

गाडी उतरून गेली. प्लेट रिकामी झाली. माणसं २.

ती बराच वेळ पाहत राहिली. शालिग्रामचंही लक्ष गेलं असावं, कारण त्याने पेटीला हात जोडले.

त्यानंतर पट्टीचं नाव कुणी काढलं नाही. शालिग्राम रोज पेटीला हळदकुंकू लावायला लागला. मधुवंतीने फक्त बटणांच्या फटीत लावू नका एवढं सांगितलं. ती मेहकरला परतली, पण तिचं मन तिथे राहीना. आल्हादने दुसऱ्या कामाची आठवण करून दिली की ती हो म्हणायची आणि पुन्हा तोच कोड उघडून बसायची. एक माणूस बाहेर काढला होता. आकडा उतरायला हवा होता. तो उतरला नव्हता, आणि त्याचा अर्थ जो निघत होता तो तिला मान्य नव्हता. रवी घरी आला, कामावर यायला लागला, असं शालिग्राम फोनवर सांगत होता. पेटीवर अजून दोनच.

मग एक दिवस फोनवर शालिग्रामऐवजी वच्छलाबाईचा आवाज आला.

"बाई, तुमची मशीन जित्तं माणूस मोजते म्हनतात. खरं हाय का?"

"आमची एक चाचणीची... हो. मोजते."

"मंग एकडाव माह्या लेकाले उभं करा तिच्यावर."

"का? काय झालं त्याला?"

"काही नाई झालं," वच्छलाबाई म्हणाली. "जेवन वाढलं तं जेवते, नाई वाढलं तं बसून रायते. हाक मारली तं येते, पन उशिरानं येते. झोपला की कूस बदलत नाई. मी रातभर हात ठेवून पाह्यते, श्वास चालू हाय. डाक्टर म्हनते चांगला हाय. मले नाई वाटत."

मधुवंतीने दुसऱ्या दिवशीची बस पकडली.

दुपारची जेवणाची सुट्टी होती. शेडमधली यंत्रं थांबली होती आणि अंगणात एवढी शांतता होती की रुई पडताना ऐकू येईल असं वाटत होतं. रवी निंबाखाली उभा होता. दणकट, देखणा गडी. मधुवंतीला पाहून त्याने नमस्कार केला, पण कुणी सांगितल्यावर करावा तसा. वच्छलाबाईने त्याला हाताला धरून प्लेटवर आणून उभं केलं आणि स्वतः खाली उतरली.

पेटीत डीबग बिल्ड होतं. खरा कोड, खरी मोजणी.

वजन आलं. शेवटच्या घरातला आकडाही स्थिर होता. एवढा स्थिर की सिमेंटची पोती ठेवली असती तरी वाऱ्याने जरा हलला असता.

माणसं ०.

मधुवंतीने चार कोपरे तपासले. पुन्हा वजन घेतलं. शालिग्रामला प्लेटवर पाठवलं: माणसं १. शालिग्राम उतरला: माणसं ०. रवी तसाच उभा होता, उन्हाकडे तोंड करून, डोळे न मिटता.

"काय म्हनते?" वच्छलाबाईने खिडकीशी येऊन विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. खिडकीतून पेटीवरचा आकडा वाचता येत नव्हता, आणि त्या आईला ऐकायचं काय आहे हे तर उघडच होतं. पण या बाईने लोक नको म्हणत असताना मुलाच्या घशातली रुई काढली होती. तिच्याशी खोटं बोलण्याची मधुवंतीची छाती झाली नाही.

"शून्य," ती म्हणाली.

वच्छलाबाईने मान हलवली. "हाव. मंग तो अठीच हाय, काट्यावर."

"बाई, यंत्राचं काही सांगता येत नाही..."

"तुमची ती दुसरी मशीन काय म्हनते? शालिग्रामभाऊ म्हने दोन म्हनते."

मधुवंतीने रिलीज बिल्ड घातलं. रवीला प्लेटवरून उतरवून निंबाखाली बसवलं होतं. रिकामी प्लेट. माणसं २.

वच्छलाबाई आता शांत होती. काम समोर दिसल्यावर माणूस होतं तशी. "आमच्यात भ्यालेलं माणूस असंच करते," ती म्हणाली. "अंग घरी येते, जीव तिथंच रायते. नदीवर भ्याला तं नदीवरून आनतात, वावरात भ्याला तं वावरातून. माह्या सासूनं माह्या नंदेले असंच आनलं होतं विहिरीवरून. मी आनते त्याले."

"मी काय करू?"

"तुमी आकडा पाहा. अन् एक करा, कोनी त्याचं नाव नका घेऊ. अशा जाग्यावर नाव नसते घेत. नाव घेतलं तं दुसरं बी ऐकते अन् तेच नाव घेऊन येते. नुस्तं घरी चाल म्हनाचं. माय हाय, आवाज वळखते लेकरू."

मधुवंतीने शालिग्रामकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. शेषराव दारात उभे होते. त्यांनी मफलर काढून हातात घेतला होता.

वच्छलाबाई प्लेटच्या मधोमध गेली. तिने रवीचा शेला पसरला, त्यावर घरून आणलेली भाकर ठेवली. मग सावकाश, संध्याकाळी दारातून हाक मारावी तशी ती म्हणाली,

"चाल रे लेकरा. घरी चाल. जेवाले वाढलं."

माणसं ३.

तिच्यासह तीन. बरोबर होतं.

"चाल बापा. लय उशीर झाला. मी आली न्याले."

माणसं ३.

तिने भाकरीसकट शेल्याच्या टोकांना गाठ मारली, छातीशी धरला आणि मागे न पाहता चालायला लागली. प्लेटच्या कडेशी आली. उतरली.

मधुवंतीची नजर खालच्या ओळीवर होती.

माणसं १.

"एक," तिच्या तोंडून बाहेर पडलं. "दोनाचा एक झाला."

निंबाखाली रवीने मोठा श्वास घेतला, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा. तो उभा राहिला. त्याने भार या पायावरून त्या पायावर घेतला. त्याने आईकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"पानी दे," तो म्हणाला.

पुढची घटका नुसती गोंधळाची गेली. मधुवंतीने घाईघाईने डीबग घातलं, रवीला प्लेटवर उभं केलं. माणसं १. तिने पुन्हा पाहिलं. १. वजनाचा शेवटचा आकडा नाचत होता, जसा प्रत्येक जिवंत माणसाचा नाचतो. शालिग्राम हसत होता आणि रडत होता. शेषरावांनी सगळ्यांना चहा सांगितला. वच्छलाबाई आतापर्यंत रडली नव्हती. ती आता मधुवंतीच्या गळ्यात पडून रडली, आणि मधुवंतीही रडली. तिला वाटलं, आयुष्यात एवढं मोलाचं काम आपल्या हातून पुन्हा व्हायचं नाही.

रवी चहा पिऊन तृप्त झाला. त्याने आणखी एक कप मागितला. तो सगळ्यांकडे पाहून हसत होता, शेडकडे, गंज्यांकडे, आभाळाकडे पाहत होता. मग मायलेक निघाले. फाटकाशी रवी थांबला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहायला लागला.

"इकडून रे, इकडून," वच्छलाबाई हसून म्हणाली आणि त्याला उजवीकडे वळवलं.

शेषराव ऑफिसात गेले. शालिग्राम जेवायला गेला. मधुवंतीने पेटीत रिलीज बिल्ड परत घातलं आणि लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली. पडद्यावर माणसं १ होतं. पहिल्या दिवशी होता तोच एक. त्याची आता तिला भीती वाटेनाशी झाली होती. उलट जरा वाईट वाटलं. त्याला न्यायला कुणी आलं नव्हतं.

चाचण्या करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. उत्तर बरोबर आलं तरी ते कशामुळे आलं, हे पाहिल्याशिवाय हात धुता येत नाहीत. मधुवंतीने वायर पुन्हा सोडली. दोनातून एक गेला, एवढंच सिद्ध झालं होतं.

कोणता गेला, हे कुणी तपासलं नव्हतं.

आईने नाव घेतलं नव्हतं. घरी चाल, एवढंच म्हणाली होती. ज्याला घरी जायचं असेल त्याने यावं.

तिने पेटीवर चार कोपऱ्यांचा पडदा उघडला. काटा जुळवताना उघडतात तो, रिलीजमध्येही असतो. चारही कोपऱ्यांत शून्य. अंगणात कुणी नव्हतं. तिने खिडकीची काच सरकवली.

"रवी," ती म्हणाली.

काही झालं नाही.

मग लांबच्या कोपऱ्याचा आकडा हलला.

तो थांबला, आणि त्याच्या अलीकडच्या कोपऱ्याचा हलला.

मग खिडकीखालचा कोपरा हलला, आणि तिथेच, अगदी जवळ, श्वासागणिक वरखाली होत राहिला.